सहावा चौकोन

“धावेल ती. धावायला काही अडचण येणार नाही. बसता येईल की नाही, ते मात्र मी आत्ता नाही सांगू शकत.”

हिरव्या पडद्यापलीकडे आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम फोनवर बोलत होत्या. अलीकडे मी उताणी पडले होते. उजव्या खुब्यावर बर्फाची पिशवी होती आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. त्या कोणाबद्दल बोलतायत हे वेगळं कळायला नको होतं. बोईसरच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी धावण्याशी संबंध असलेली मी एकटीच. बाकी खांदा आखडलेले एक निवृत्त काका आणि पॅकिंगच्या कामानं मान धरलेल्या दोन बायका. त्या दोघी शेजारशेजारच्या खाटांवर पडून हिंदीत आपल्या सुपरवायझरची नक्कल करायच्या आणि हसताना मान हलली की कळवळायच्या.

पडदा सरकला. मॅडमनी विचारलं, कशी आहेस?

“फाइन, मॅम.”

हा माझा लहानपणापासूनचा शब्द. इंग्रजी शाळेत पहिल्याच वर्षी मला कळलं होतं की ‘फाइन’ म्हटलं की समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. मराठीत ‘बरी आहे’ म्हटलं तर लगेच ‘म्हणजे काय झालं होतं?’ सुरू होतं. म्हणून घरीदारी, मैदानावर, ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा मी फाइनच होते. ऑपरेशनला दहा आठवडे झाले होते. मॅडमनी बर्फ उचलला, पाय हळूहळू वर घेतला, कुठवर येतो ते पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी छताकडे बघत ‘बसता येईल की नाही’ हे चार शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होते. खरं तर ते माझ्यासाठी नवे नव्हतेच.

खो-खोत धावणाऱ्यांचं कौतुक होतं, पण पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण बसलेले असतात हे बघणाऱ्यांच्या लक्षातही राहत नाही. दोन खांबांच्या मध्ये एका रेषेत आठ चौकोन, प्रत्येकीचं तोंड शेजारणीच्या उलट दिशेला. चवड्यांवर उकिडवं बसायचं, हाताची बोटं जमिनीला टेकवायची आणि वाट बघायची. मागून कोणीतरी पाठीवर थाप देऊन खो म्हटलं की स्प्रिंगसारखं सुटायचं. मी सहाव्या चौकोनात बसायचे. पाचवीत असल्यापासून बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापर्यंत.

खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. वाटीच्या काठाला मऊ कडा असते. मुंबईच्या डॉक्टरांनी ती कुकरच्या रिंगसारखी असते असं आईला समजावलं, आणि तेवढं आईला लगेच कळलं. माझी रिंग इतक्या वर्षांच्या उठण्याबसण्यानं अशी चिरफाळली होती की टाके घालायलाही धड काही उरलं नव्हतं. म्हणून माझ्याच मांडीच्या मागून, गुडघ्यापर्यंत जाणारा एक टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढून घेतला. तो दुमडून त्याची नवी कडा केली आणि वाटीच्या काठाला बारीक खुंट्या मारून बसवली.

घरी आल्यावर डिस्चार्जचा कागद मीच वाचून दाखवला. आई पलंगाच्या कडेला बसली होती आणि बाबा औषधांच्या कारखान्यातली जनरल शिफ्ट संपवून तसेच दारात उभे होते, डबा हातात. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. सहा आठवडे कुबड्या. खुर्ची उंच हवी. कमोड हवा. मांडी घालायची नाही, वाकून चप्पल घालायची नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की खोल उकिडवं बसण्याची क्षमता परत येईलच असं सांगता येत नाही. ती ओळ मी डोळ्यांनी वाचली आणि पुढच्या ओळीवर गेले. टाके काढायची तारीख.

बाबांनी विचारलं, “बास? एवढंच?”

“एवढंच.”

मला इंग्रजी शाळेत घालताना आईबाबांनी बरीच स्वप्नं बघितली असतील. आपली मुलगी त्या भाषेचा उपयोग आपल्यापासून गोष्टी लपवायला करील, हे त्यात नक्कीच नसेल.

बाबांनी दुसऱ्या दिवशी दोन उंच खुर्च्या आणल्या. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बोईसरच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं राहूनही जेवायला खालीच बसत होतो, ओट्यासमोर, ताटाखाली वर्तमानपत्र घालून. त्या दिवसापासून मी खुर्चीवर आणि आई खाली असं जेवण सुरू झालं. दुसरी खुर्ची कोणाची हे मी विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला बाबा येऊन मुकाट्यानं तिच्यावर बसले. ताट मांडीवर सावरणं त्यांना जमत नव्हतं, आमटी शर्टावर सांडायची. आई म्हणाली, आता मलाही एक आणा म्हणजे हॉटेलच झालं. पण ते खाली उतरले नाहीत.

आई खेळाच्या विरोधात होती असं नाही. तिला त्यातलं काही कळत नव्हतं इतकंच. धावायचं आणि बसायचं, बसायचं आणि धावायचं, त्यात एवढं काय आहे, असं ती म्हणायची. काय आहे ते मी तिला कधी सांगितलं नाही. मला स्वतःलाही ते बसणं गेल्यावरच कळलं.

चौकोनात बसलं की जग कमरेखालचं होतं. चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे चेहऱ्यांकडे बघून हसावं लागत नाही. दिसतात ती पावलं, घोटे, पाणी मारलेली तांबडी माती, समोरच्या खांबाचा बुंधा. आमचं मैदान पाम गावाच्या बाजूला. वारा समुद्राकडून असला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि फिरला की कारखान्यांचा. नाकावरून दिशा सांगता येते, असं आम्ही म्हणायचो. मी तिथे गप्प बसून असायचे आणि कोणी विचारायचं नाही की ही गप्प का. गप्प बसणं हेच काम होतं. आणि मग पाठीवर हात पडायचा.

आमच्या घरात कोणी कोणाला फारसा हात लावत नाही. माया आहे, पण ती डब्यात, औषधाच्या वेळेत, खुर्चीत असते. मैदानावर मात्र एका डावात आठ-दहा वेळा माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, कोणाचा तरी घामेजलेला तळहात पडायचा आणि त्याचा अर्थ एवढाच असायचा की आता तू. पलंगावर पडल्या पडल्या मला मैदान आठवायचं नाही, जिंकलेले सामने तर नाहीच. त्या जागी, पाठीच्या त्या टीचभर जागेत, काहीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहायचं.

बरं, तो खो मला स्वतःला नीट देताही यायचा नाही. खो मोठ्यानं म्हणावा लागतो, ऐकू गेला नाही तर फाउल. आमच्या प्रशिक्षक बाई माहीमच्या, मुंबईच्या नव्हे, इथल्या जवळच्याच, कोळीवाड्यातल्या. त्यांचा आवाज दोन खांब ओलांडून रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही मान वळवायला लावायचा. त्या मला म्हणायच्या, “अगो, खो दे, तिच्या कानात काय गुपित सांगतीस? लग्न जमलंय काय कोनाचं?” सगळ्या हसायच्या, मीही. मैदानावर माझं नाव ‘कॉन्व्हेंट’ होतं. त्यात राग नव्हता. कुबड्या सुटल्यावर बाई मला घरी भेटायला आल्या, सोबत सुकट घेऊन. आईसमोर म्हणाल्या, “सहावा चौकोन मी कोनाला देनार नाय. पोरी बसवते, पन त्या पाहुण्या हायत.” मी म्हटलं, थँक यू बाई. त्याहून जास्त काहीतरी म्हणायचं होतं.

दहाव्या आठवड्यातल्या त्या फोननंतर मॅडमनी मला टेबलावरचा प्लास्टिकचा सांधा दाखवून नीट समजावलं. बहुधा पडद्याआडून मी ऐकलं असावं असं त्यांना वाटलं.

त्या म्हणाल्या, “तो टेंडन तिथं बसवला तेव्हा त्याच्यात रक्त नव्हतं. चिकूचं कलम बांधतात ना, तसं समज. आता आजूबाजूनं बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतायत. पण त्या शिरतात तेव्हा आधी जुनं पोखरलं जातं, नवं मागाहून भरतं. मधल्या दिवसांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही मऊ असतो. आणि नेमकं त्याच दिवसांत दुखणं थांबतं आणि पेशंटला वाटतं, झालं, आपण बरे झालो. कळतंय का?”

कळत होतं. मॅडम चांगलं समजावून सांगायच्या. पण तोवर माझं दुखणं थांबलेलं होतं, आणि न दुखणाऱ्या पायाला कोणाचंच ऐकायची सवय नसते.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मी मैदानावर गेले. सपाट जमिनीवर चालायला परवानगी होती. बाईंनी मला शिटी आणि घड्याळ दिलं, म्हणाल्या वेळ धर. पाचव्या चौकोनातली मुलगी, म्हणजे इतकी वर्षं माझ्या शेजारी उलट तोंड करून बसलेली, लांबूनच ओरडली, “आली बघा मॅडम, आता खुर्ची आना, पंखा आना.” ती तारापूरच्या कोळ्यांची. तिची आई बांबूच्या मांडवावर बोंबील सुकवते आणि बोईसरच्या बाजारात विकते. बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही आणि माझ्या न बोलण्याचा तिला कधी त्रास झाला नाही.

त्या दिवशी सहाव्या चौकोनातली पाहुणी मनोरला कुठल्याशा लग्नाला गेली होती. सराव सुरू करायचा तर ओळीत खड्डा. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “तू नुसती उभी ऱ्हा तिथं. बसायचं नाय. खांब समज सोताला. खो आला तर सातवीला दे, हालायचं नाय.”

मी जाऊन उभी राहिले. दोन्ही बाजूंना सगळ्या बसल्या. मला पहिल्यांदाच त्यांचे भांग वरून दिसले. कोणाचा वाकडा, कोणाच्या केसांत सकाळचं फूल सुकलेलं. मैदान वरून फार मोठं आणि परकं वाटलं. फाटकाशी कोणीतरी पालक आले होते, बाई पाठ करून त्यांच्याशी बोलायला गेल्या. सराव चालू होता. धावणारीची पावलं पहिल्या चौकोनापासून वाजत जवळ येत होती, आणि मी बसले.

यानंतर किती तरी वेळा मी स्वतःला सांगितलं की ते सवयीनं झालं. चौकोनात उभं राहणं शरीराला ठाऊकच नाही, ते आपोआप खाली गेलं. पण ते खरं नाही. मी डावा पाय आधी मागे घेतला होता. हात जमिनीला टेकवून उजव्या बाजूवरचा भार कमी ठेवला होता. सवय इतका विचार करत नाही. मी ठरवून, काळजीपूर्वक, चोरासारखी बसले. माती डोळ्यांजवळ आली. घोटे आले. खांबाचा बुंधा जिथल्या तिथे होता. मग पाठीवर थाप पडली, ‘खो’ आला आणि मी उठून तीन पावलं गेले. चौथं टाकलं नाही. तेवढं भान होतं.

कुठेही दुखलं नाही.

मी पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिले तेव्हा पाचव्या चौकोनातली माझ्याकडे बघत होती. खरं तर तिचं तोंड दुसरीकडे असायला हवं होतं.

“बसलीस तू.”

मी नाही म्हटलं नाही. बाईंना सांगू नको, एवढंच म्हटलं.

ती थोडा वेळ बोटानं माती उकरत राहिली. “मी नाय सांगनार,” ती म्हणाली, “मी कशाला सांगू? तुझा पाय हाय.” आणि मग माझ्याकडे न बघता, “पन तू सांगशील ना कोनाला तरी?”

त्या संध्याकाळी मी घरी चालत आले ती जवळजवळ गात. आईनं विचारलं, काय गं, खुश दिसतेस. मी म्हटलं, फाइन. पुढच्या दोन दिवसांत खोलीचं दार लावून मी आणखी दोनदा बसले. एकदा पलंगाचा आधार घेऊन, एकदा न घेता. आता वाटतं, मैदानावरची चूक समजण्यासारखी होती. तिथे माती होती, वास होता, पाठीवर हात होता. खोलीत यातलं काही नव्हतं. खोलीत मी फक्त त्या कागदावरची गाळलेली ओळ खोटी आहे का ते बघत होते.

शुक्रवारी सकाळी चप्पल घालताना जांघेत आत कुठेतरी चिमटा बसला. बारीक, दाराच्या फटीत बोट यावं तसा. मी सरळ उभी राहिले, तो गेला. जिना उतरताना पुन्हा आला. शनिवारी नव्हता. रविवारी बाबांच्या शेजारी उंच खुर्चीवर जेवताना पुढे वाकले आणि पुन्हा तोच चिमटा. बाबांनी ताटातून मान वर केली. मी मीठ मागितलं.

आतमध्ये काय झालं असेल ते मी मनाशी बघत राहायचे. माझ्याच पायातून काढलेली, माझ्याच हाडाला बांधलेली ती दोरी. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती आता कुठे हळूहळू रक्त धरू लागली असेल, सगळ्यात मऊ असेल, आणि त्याच आठवड्यात मी तिला तीनदा मुडपलं. खुंट्या धरून असतील का? काठ सुटला असेल का? इंटरनेटवर मी सगळं वाचलं, सगळे शब्द मला येत होते आणि एकाही शब्दानं धीर दिला नाही. गेलं असेल तर सहावा चौकोन कायमचा गेला. राहिलं असेल तर सोमवारी जाणार, कारण सोमवारपासून मॅडम व्यायाम वाढवणार होत्या. पायरीवरून चढउतार, कमरेला रबरी पट्टा, मग हळूहळू खाली वाकणं. त्यांनी ते सगळं ठरवलं होतं ते माझ्या ‘फाइन’वर विसंबून.

पण सांगायचं म्हणजे कोणाकोणाला सांगायचं? मॅडम बाईंना फोन करणार. बाईंना वाटणार, आपणच तिला चौकोनात उभं केलं. आईला कळणार आणि मैदान बंद. बाबांना कळणार की कागदावर ‘एवढंच’ नव्हतं. एक वाक्य, पण त्याच्या मागे इतकी माणसं ओळीनं बसलेली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला टांगून ठेवायला नको. मुंबईला पुन्हा स्कॅन झाला. खुंट्या जागेवर होत्या, कडाही धरून होती, एका टोकाशी सूज होती. दोन महिने मागे जावं लागलं, पुन्हा एक कुबडी आली. बाईंनी मला नव्हे, स्वतःला शिव्या दिल्या आणि मग मलाही दिल्या. बाबांनी तो कागद मागून घेतला, शब्द लावत स्वतः वाचला आणि घडी घालून कपाटात ठेवला. मी अजून बसलेली नाही. संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून वेळ धरते. सहाव्या चौकोनात पाहुण्या येतात-जातात. वारा समुद्राकडून असला की अजूनही पाठीवरची ती टीचभर जागा जागी होते. बसता येईल की नाही, ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही.

पण त्या सोमवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दवाखान्यात काका खांद्याच्या व्यायामाची, कप्पीवरची दोरी ओढत होते. पॅकिंगवाल्या दोघी आल्या होत्या, त्यांचा सुपरवायझर त्या दिवशी रजेवर होता म्हणून नक्कल थंड होती. मॅडमनी लाकडी पायरी आणून ठेवली. माझ्या कमरेला निळा पट्टा बांधला. काही त्रास वगैरे, असं त्यांनी विचारलं आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, मग आज खाली जायला सुरुवात करू, अगदी थोडं. मी पायरीवर उभी राहिले. समोर आरसा होता. त्यात मी, आणि माझ्या मागे मॅडम.

मी वाकायला लागले तशी माझी पाठ गोल झाली असणार, कारण त्यांनी ती सरळ करायला मागून हात ठेवला. दोन खांद्यांच्या मधोमध. सबंध तळहात.

अकरा आठवड्यांत त्या जागी पडलेला तो दुसरा हात. पहिला मी चोरून घेतला होता.

मी आरशात त्यांच्याकडे बघितलं आणि पायरीवरून खाली उतरले. त्यांनी भुवया उंचावल्या. माझा आवाज इतका मोठा निघाला की काकांच्या हातातली दोरी सुटली आणि त्या दोघी मान धरून वळल्या.

“मॅम, मी फाइन नाहीये. मी बसले होते. मैदानावर एकदा, घरी दोनदा. आणि आता दुखतंय.”